आपले गाव, आपली मोजणी



मागे एकदा उन्हाळ्याच्या दिवसांत आमच्याकडे एक बाप आणि त्यांची लेक आली. बाप बुटीबोरीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. लेक बारावी चांगल्या गुणांनी पास झालेली, पुढे इंजिनियरिंगला जायचे म्हणत होती. अडले होते ते जात पडताळणीपाशी. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा होता आणि घरात तसला एकही कागद नव्हता. मुलीचे पणजोबा शाळेत गेले नव्हते. आजोबा गेले होते, पण दुसरीतून निघून गुरे राखायला लागले होते. शेतीचा तुकडा कधी नव्हताच, मग सात-बारा कुठून येणार?

आम्ही विचारले, "तुमचे मूळ गाव कोणते?" बापाने वर्धा जिल्ह्यातील एका गावाचे नाव सांगितले. आम्ही नकाशा काढला, गावांची यादी काढली. यादीत नाव होते, पण त्यापुढे लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. गाव होते, गावात माणूस नव्हता. आपल्याकडे ज्याला रिठी म्हणतात तसले ते गाव.

मग मुलीची आजी कामाला आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण सासऱ्यांचे बोलणे ध्यानात होते. "आमच्या गावचा कोतवाल बाजूच्या गावचाच होता बाबू, तोच नोंद नेत जाय," ती म्हणाली. त्या बाजूच्या गावाच्या नावाने तहसिलीच्या जुन्या दप्तरात शोध घेतला आणि कोतवाल बुकात नोंद सापडली. मुलाचा जन्म, बापाचे नाव, गावाचे नाव आणि जातीच्या जागी 'महार'. साल १९५० च्या बरेच आधीचे. लेक तो शब्द बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, हे आपणच का?" बाप म्हणाला, "हो बेटा, आपणच. तवा आपल्याले असंच लिहीत."

मुलीला प्रवेश मिळाला. आमच्या मनात मात्र ती गोष्ट घर करून राहिली. एका ओळीची ती नोंद. ज्याने केली, त्याला ती पुढे कुणाच्या कामी येईल याची कल्पनाही नसेल. ती ओळ तेथे नसती तर? म्हणून आज आपल्या जिल्ह्यातील गावांविषयी, त्यांतील माणसांविषयी आणि ती माणसे मोजली कशी जातात याविषयी लिहावे असे आम्ही ठरविले.

जिल्हा केवढा, गावे किती?

आपला वर्धा जिल्हा तसा नवा. १८६२ साली तो नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला. पहिले मुख्य ठिकाण पुलगावजवळच्या कवठा येथे होते. नंतर १८६६ साली पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागेवर नवे शहर आखले आणि त्याला नदीचे नाव दिले. आज वर्ध्याच्या बजाज चौकातून जाणाऱ्या कितीजणांना पालकवाडी ठाऊक आहे? जिल्ह्याचे मुख्य ठिकाणच एका खेड्याच्या उरावर उभे राहिले आणि त्या खेड्याचे नाव पुसले गेले. गावे अशी उगवतात आणि अशीच मावळतात.

जिल्ह्याचे क्षेत्र ६,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तालुके आठ: वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. वरच्या अंगाला आर्वी, आष्टी, कारंजा हा डोंगराळ, जंगलाचा आणि संत्र्यांचा भाग. खालच्या अंगाला हिंगणघाट, समुद्रपूर ही कापसाची काळी जमीन. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. मधून वेणा, धाम, बोर, यशोदा या नद्या वाहतात. बहुतेक जुनी गावे या नद्या-नाल्यांच्या काठानेच वसलेली आहेत.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ भरली. त्यांपैकी शेकडा साडेबत्तीस माणसे शहरांत. बाकी पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसे खेड्यांत. महसुली दप्तरात गावांचा आकडा साडेतेराशेच्या वर जातो. पण त्यांपैकी माणसांची वस्ती असलेली गावे हजाराच्या आसपास आहेत. तीनशेहून अधिक गावे रिठी.

आता हिशेब करून पाहा. पावणेनऊ लाख माणसे आणि हजारभर गावे. म्हणजे एका गावामागे सरासरी आठ-नऊशे माणसे. पश्चिम महाराष्ट्रातले पाच-सात हजारांचे गाव आपल्याकडे मोठ्या कौतुकाचे ठरेल. आपली गावे लहान आहेत. एवढ्या लहान गावात बौद्ध वस्ती म्हणजे पंधरा, वीस, फार तर चाळीस घरे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट या लहानपणावर उभी आहे.

सेवाग्रामचे नाव सगळ्या जगाला माहीत आहे. ते मूळचे शेगाव. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला गेले. बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुके, म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव पडले. धाम नदीकाठचे पवनार विनोबांमुळे लोकांना ठाऊक झाले. पण ही दोन नावे सोडली तर आपल्या हजार गावांची नावे जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. ती सरकारलाही ठाऊक असतात ती आकड्यांमुळेच.

रिठी गावांची गोष्ट

बाहेरच्या माणसाला रिठी हा शब्द कळत नाही. आपल्याकडे शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायका सहज म्हणून जातात, "आज रिठीतल्या वावरात निंदन हाय." सात-बारावर मौजाच्या नावापुढे कंसात 'रिठी' लिहिलेले असते. गावाची हद्द आहे, शेते आहेत, शेतांना क्रमांक आहेत, पण घर एकही नाही. कुठे पडकी विहीर, कुठे चिंचेचे झाड, कुठे मारुतीचा शेंदूर फासलेला दगड. जुन्या कागदांत अशा गावांना बेचिराख म्हटले आहे. हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ दिवा नसलेले. जेथे सांजेला दिवा लागत नाही ते गाव.

गावे रिठी का झाली? कारणे अनेक आहेत. इंग्रजी राज्याच्या आधी पेंढाऱ्यांच्या धाडी पडत. त्या भीतीने लहान गावांची माणसे गढी असलेल्या मोठ्या गावात जाऊन राहिली आणि शेती मात्र जुन्या गावात करीत राहिली. कुठे पटकी आली, कुठे प्लेग आला. कुठे विहीर आटली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने तर सगळ्या जिल्ह्याला झोडपले. १८९१ साली चार लाखांवर असलेली लोकसंख्या १९०१ च्या मोजणीत ३ लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी कमी झाली.

अलीकडच्या काळात नदीवर धरणे झाली. अप्पर वर्धा झाले, लोअर वर्धा झाले. त्यांच्या पाण्याखाली जमिनी गेल्या आणि गावे हलली. शेतीला पाणी हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण गाव हलते तेव्हा ज्याचे शेत आहे त्याचे नाव मोबदल्याच्या यादीत सहज सापडते. ज्याचे शेत नाही, जो दुसऱ्याच्या वावरात राबत होता, त्याचे नाव शोधायला कागद लागतो. आणि आपल्या माणसांजवळ कागद नसतो. ज्याचे नाव दप्तरात नाही, त्याचे गाव दोनदा बुडते.

येथे कोतवालाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या भागात, गावचा कोतवाल हा बहुधा आपल्यातलाच माणूस असे. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की ती खबर नेमाने पोलीस ठाण्यात पोचवणे हे त्याचे काम. तो बहुतेक वेळा निरक्षर. नोंदी तोंडपाठ करून पायी जायचा आणि लिहून घेणारा दुसराच. गावच्या पाटलाच्या घरचा जन्म असो की आपल्या वस्तीतला, खबर त्याच्याच पायांनी ठाण्यापर्यंत गेली. आज विदर्भात सगळ्या जातींची माणसे पडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढतात. तहसिलीत रांग लावतात. गावाबाहेर ज्याची झोपडी होती, त्याने सगळ्या गावाच्या पिढ्यांचा हिशेब वाहून नेला. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला हवी.

आकडे काय सांगतात?

१९०१ साली ३ लाख ८५ हजार. १९५१ साली ५ लाख ३९ हजारांच्या जवळ. म्हणजे पन्नास वर्षांत दीड लाखाच्या आसपास वाढ. साथी आणि दुष्काळ यांनी माणूस वाढू दिला नाही. त्यानंतर औषधे आली, देवीची साथ गेली, बाळे जगू लागली. १९९१ साली १० लाख ६७ हजार झाले. २००१ साली १२ लाख ३६ हजार ७३६.

आणि मग एक नवीन गोष्ट घडली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात फक्त ६४ हजार माणसे वाढली. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत १ लाख ६९ हजार वाढली होती. शेकडेवारीने पाहिले तर राज्याची वाढ शेकडा सोळा आणि आपल्या जिल्ह्याची शेकडा पाचच्या थोडी वर.

याचा एक अर्थ चांगला आहे. घराघरांत मुले कमी होऊ लागली. बाया शिकल्या. २०११ साली जिल्ह्यात साक्षरता शेकडा ८७ होती. राज्यातील पुढारलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो. आमच्या लहानपणी वस्तीत पत्र वाचून दाखवायला माणूस शोधावा लागे. आज वस्तीतली पोर आजीचे औषध कोणते ते वाचून देते. ही कमाई लहान नाही.

एक खंत मात्र सांगितलीच पाहिजे. दर हजार पुरुषांमागे बायका ९४६ आणि सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण त्याहूनही कमी. शिकलेल्या जिल्ह्यात हे कसे? आपल्या घरापुरते तरी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

दुसरा अर्थ काळजीचा आहे. माणसे जिल्हा सोडून चालली आहेत. पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापड गिरण्यांनी एकेकाळी खेड्यातल्या हजारो माणसांना पोसले. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सायकलींची रांग गावाकडे वळे. ते दिवस गेले. कापूस-सोयाबीनची शेती आठ महिनेही पुरते काम देत नाही. मग पोरगा नागपूर, बुटीबोरी गाठतो. तेथून पुणे, चाकण. कुणी सुरतेला, कुणी हैदराबादला. गावात राहतात म्हातारा-म्हातारी, आणि दाराला कुलूप लावलेली घरे. शंभर वर्षांपूर्वी गावे पटकीने रिठी झाली. आता ती रोजगाराने रिठी होत आहेत. फरक एवढाच की आता दिवा अगदी विझत नाही, एखाद्या म्हातारीच्या खोलीत तो लागतो.

मोजणीवर काय काय ठरते?

काही वाचक म्हणतील, आकड्यांचे आम्हाला काय? मजुरी मिळाली तर चूल पेटते. खरे आहे. पण चुलीचा आणि आकड्याचा संबंध आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट धान्याची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात राज्याला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक मिळाला, तो २०११ च्या लोकसंख्येवरून. २०२१ साली व्हायची जनगणना झालीच नाही. आधी कोरोना आला आणि नंतर ती पुढे पुढे ढकलली गेली. त्यामुळे नवीन सून आली, नातू झाला, तरी नाव चढवायला गेले की उत्तर मिळते, इष्टांक पूर्ण झाला.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. पंधराशेपर्यंत लोकसंख्या असेल तर सात सदस्य, त्यापुढे तीन हजारांपर्यंत नऊ. आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायती पाचशेच्या वर आहेत आणि गावे हजार, म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत आहे. अनुसूचित जातीच्या जागा किती, हे जनगणनेतील त्यांच्या प्रमाणावर ठरते. सात जागांच्या पंचायतीत आपल्या वाट्याला बहुधा एक येते. लहान गावात दहा-वीस माणसांची नोंद इकडची तिकडे झाली की ती एक जागाही जाते.

तिसरी गोष्ट वस्तीच्या रस्त्याची, नालीची, समाजमंदिराची. ज्या योजनेला आपण अजून दलित वस्ती सुधार म्हणतो, तिचे सरकारी नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे आहे. वस्तीत माणसे किती, त्यावर निधीची पायरी ठरते. चार घरे कमी लिहिली गेली तर वस्ती एक पायरी खाली उतरते आणि नाली अर्ध्यावर थांबते.

चौथी गोष्ट शाळेची. पट कमी झाला की शाळेवर गदा येते. २०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्याने पुढे आणला होता. आपल्या आठ-नऊशे माणसांच्या गावात पट केवढा असणार? शाळा गेली की शिकणाऱ्या मुलीचे पाऊल घरात अडकते.

राजकारणाचेही तेच. २०११ साली जिल्ह्यात अनुसूचित जातींची माणसे शेकडा साडेचौदा, म्हणजे १ लाख ८९ हजारांच्या आसपास, आणि अनुसूचित जमातींची शेकडा साडेअकरा. मात्र जिल्ह्यातील वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट या चारही विधानसभा जागा आज सर्वसाधारण आहेत. तेव्हा गावपातळीवरची ती एक राखीव जागा किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

धर्माचा रकाना, जातीचा रकाना

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातील माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायी गेली. पांढरे लुगडे एकच होते म्हणून दोघी जावांनी पाळीपाळीने नेसले, अशा आठवणी आपल्या आज्यांनी सांगितल्या आहेत. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. जगात असा आकडा फार थोड्या वेळा बदलला असेल. तो बदलला तो गरीब, निरक्षर माणसांनी मोजणी करणाऱ्याला निर्भयपणे 'आम्ही बौद्ध' असे सांगितले म्हणून.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म सोडणारा अनुसूचित जातीत धरला जात नसे. राज्याने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलती नव्हत्या. मोजणीतही तेच. राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ साली शेकडा साडेपाचच्या जवळ, १९७१ साली सहा, १९८१ साली सात. माणसे होती तेथेच होती, कागदावरून मात्र निम्मी नाहीशी झाली होती. १९९० साली संसदेने कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीत धरले आणि १९९१ च्या मोजणीत तेच प्रमाण एकदम शेकडा अकरावर गेले. अकरा हा आकडा आकाशातून पडला नव्हता. तीस वर्षे तो खरा आकडा झाकलेला होता.

२०११ साली महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार भरले. भारतातील दर चार बौद्धांत तीन महाराष्ट्रातले. आपल्या वर्धा जिल्ह्यात साधारण दर सात-आठ माणसांमागे एक बौद्ध आहे.

आता घरोघरी होणारा वाद. धर्म बौद्ध सांगितला, मग जात कशी सांगायची? दीक्षा घेताना जात सोडली ना? आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक म्हणतात, "मी महार हा शब्द पुन्हा तोंडाने उच्चारणार नाही." त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. त्यांच्या बापाने त्या शब्दापायी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक.

पण आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. अनुसूचित जातींची एक यादी आहे. त्या यादीत महार आहे. बौद्ध किंवा नवबौद्ध हे नाव जात म्हणून त्या यादीत नाही. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' सांगितले तर धर्म दोनदा लिहिला जातो आणि अनुसूचित जातीत आपली गणना होत नाही. त्यातही एक बारकी गोष्ट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. जनगणनेची पुस्तके निघतात तेव्हा गावागावाच्या पानावर अनुसूचित जातीचा आकडा छापतात, धर्माचा छापत नाहीत. धर्माचा आकडा तालुक्याला आणि शहराला येऊन थांबतो. म्हणजे आठशे माणसांच्या गावात आपली वस्ती कागदावर दिसते ती अनुसूचित जातीच्या रकान्यातच. तो रिकामा राहिला तर गावाच्या पानावर आपली वस्ती रिठी झाली.

धर्माचा रकाना आपण कोण झालो ते सांगतो. जातीचा रकाना आपल्यावर काय लादले गेले होते ते सांगतो. जखम बरी होत आली म्हणून इस्पितळाचा कागद कुणी फाडत नाही. दोन्ही रकाने खरे भरावेत. धर्म बौद्ध. जात, यादीत असलेली. एकापायी दुसरे सोडू नये. जातीवरून कुणी धर्म परस्पर 'हिंदू' लिहीत असेल तर तेही चालू देऊ नये.

२०२० च्या डिसेंबरात राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून भीमनगर, समतानगर अशी नावे देण्याचे ठरविले. चांगली गोष्ट झाली. पाटी बदलली पाहिजेच. पण पाटी बदलली म्हणून नाली बांधून होत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

येणारी मोजणी आणि आपले काम

१६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. घरयादीचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या मुदतीत आणि माणसांच्या मोजणीचा दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरविला. १ मार्च २०२७ ही हिशेबाची तारीख. या वेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे आणि नोंद कागदाऐवजी मोबाइलवर होणार आहे. सोळा वर्षांनी होणारी ही मोजणी पुढची कित्येक वर्षे आपल्या गावाचा हिशेब ठरवील. तेव्हा काही गोष्टी आतापासून घरात बोलून ठेवाव्यात.

मोजणी करणारा बहुधा शाळेचा शिक्षक किंवा अंगणवाडीची ताई असते. आपल्याच गावातली, ओळखीची. त्यांना पाणी द्यावे, बसवावे. मोजणी दारातच व्हावी. एका गावात मागच्या वेळी पंचायतीच्या ओट्यावर बसून सगळ्या वस्तीची माहिती एकाच माणसाकडून लिहून घेतली, असे तेथील एका आजीने आम्हाला सांगितले. "मले त कोनी इचारलंच नाई बाबू," ती म्हणाली. तसे होऊ देऊ नये.

फेब्रुवारीत हरभरा-गहू कापणीचे दिवस असतात. घरात म्हातारी माणसेच राहतात. धर्म, जात, मातृभाषा, शिक्षण याची उत्तरे त्यांना आधी सांगून ठेवावीत. लिहून झाले की काय लिहिले ते वाचून दाखवायला नम्रपणे सांगावे. तो आपला हक्क समजावा. खरी माहिती देणे हे १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे कर्तव्य आहे, आणि एकट्या माणसाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच कायद्याने सरकारवर आहे. तेव्हा भिण्याचे कारण नाही.

जो पोरगा चाकणला किंवा सुरतेला आहे आणि मोजणीच्या दिवसांत गावी येणार नाही, त्याची गणना तो राहतो तेथे होते. दोन्हीकडे लिहू नये, पण कुठेच लिहिला गेला नाही असेही होऊ नये. वीटभट्टीवर गेलेल्या जोडप्यांचे बहुधा असेच होते. त्यांना आधी फोन करून सांगून ठेवावे. तान्ह्या मुलीचे नाव सांगायला विसरू नये. एकटी राहणारी विधवा, परत आलेली लेक, कोपऱ्यातल्या खोलीतला आजारी काका, सगळे मोजले गेले पाहिजेत.

आणि एक काम आपले आपण करावे. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक जाड वही काढावी. दहावीतल्या एखाद्या मुलीला लिहायला बसवावे. प्रत्येक घराची दोन पाने. आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव, ते रिठी झाले असल्यास शेजारचे गाव, कोण कुठल्या सालच्या सुमारास आले, कोण कुठे कामाला गेले. तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली असेल तर तिचा क्रमांक. सरकारी मोजणी दहा वर्षांनी होते आणि कधी सोळा वर्षांनी. आपली वही दरवर्षी १४ ऑक्टोबरला उघडता येईल.

म्हाताऱ्या माणसांजवळ आता बसले नाही तर पुढे कुणाला विचारणार? त्या मुलीच्या आजीला बाजूच्या गावाचा कोतवाल आठवला म्हणून दार उघडले. ती आजी आता नाही. मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागे भेटली तेव्हा सांगत होती की सुटीत बापाला घेऊन ती त्या रिठीत जाऊन आली. चिंचेचे एक झाड आणि बुजलेली विहीर, एवढेच होते. "आजोबांचं घर कुठं होतं ते कळलं नाही," ती म्हणाली, "पण गाव पाहिलं."

आपली गावे लहान आहेत, वस्त्या त्याहून लहान. लहानाची नोंद चुकली तर ती सावरायला मागे काही उरत नाही. म्हणून आपल्या घराची ओळ आपणच नीट लिहवून घेऊ या.

जयभीम.